आठ मिनिटांचा धूमकेतू

दुसऱ्या महायुद्धातील शस्त्रांविषयी वाचताना मला एक प्रश्न नेहमी पडत आला आहे : एखादे यंत्र स्वतःच्याच चालकांच्या जिवावर उठले आहे हे दिसत असूनही ते आघाडीवर का पाठवले जाते? या प्रश्नाचा माग काढायला जर्मनीच्या ‘मेसरश्मिट १६३’इतके बोलके उदाहरण मला दुसरे सापडले नाही. त्याचे नाव ‘कोमेट’, म्हणजे धूमकेतू. रॉकेटच्या बळावर उडणारे आणि प्रत्यक्ष युद्धात उतरलेले हे एकमेव लढाऊ विमान.

त्याचा जनक आलेक्झांडर लिपिश. आडवी शेपटी नसलेल्या विमानांचा ध्यास घेतलेला हा अभियंता १९३९च्या जानेवारीत मेसरश्मिटच्या आउगुसबर्ग येथील कारखान्यात दाखल झाला. २ ऑक्टोबर १९४१ रोजी पेनेमुंडे येथे वैमानिक हायनी डिटमारने या विमानाच्या पहिल्या आवृत्तीत ताशी १,००० किलोमीटरची मर्यादा ओलांडली. तोवर कोणताही माणूस इतक्या वेगाने उडाला नव्हता. पण त्या दिवशी विमान स्वतःच्या बळावर जमिनीवरून उठले नव्हते. इंधन वाचावे म्हणून दुसऱ्या विमानाने ते ओढत वर नेले होते. हा विक्रम म्हणजे एक प्रयोग होता. वरिष्ठांनी मात्र त्यात युद्ध जिंकण्याचे साधन पाहिले.

खरी गोम होती कील येथील हेल्मुट वाल्टरच्या इंजिनात. मी अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले. जखम धुण्याच्या पातळ हायड्रोजन पेरॉक्साइडशी वर्गातल्या सर्वांचाच परिचय असे. ‘टी-श्टोफ’ नावाच्या द्रवात तेच रसायन ८० टक्के असे. या तीव्रतेला कापड, लाकूड किंवा चामडे त्याच्या संपर्कात आले की पेट घेऊ शकते. दुसरा द्रव ‘सी-श्टोफ’ : मिथेनॉल, हायड्राझिन हायड्रेट आणि पाणी. हे दोन एकत्र आले की ठिणगी न लागताच भडका उडतो. इंजिनाला नेमके हेच हवे होते, पण जमिनीवर हेच संकट ठरे. म्हणून दोन्ही द्रवांच्या टाक्या गाड्यांवरून वेगवेगळ्या आणल्या जात, त्या जवळजवळ उभ्या राहू दिल्या जात नसत आणि सांडलेला थेंब न् थेंब पाण्याने धुतला जाई. याउपर वैमानिकाच्या दोन्ही बाजूंना, त्याच्या बसण्याच्या जागेतच, टी-श्टोफच्या ६०-६० लिटरच्या टाक्या होत्या. त्याच्या अंगात खास न पेटणारा पोशाख असे खरा, पण शिवणीतून द्रव आत शिरला तर त्याचा काय उपयोग?

भरलेल्या विमानाच्या वजनात जवळपास निम्मा वाटा इंधनाचा, तरी ते जेमतेम साडेसात-आठ मिनिटे पुरे. वजन वाचवण्यासाठी चाकेही विमानाला कायमची जोडलेली नव्हती. उड्डाण होताच चाकांचा गाडा खाली सोडायचा आणि परतताना पोटाखालच्या घसरपट्टीवर उतरायचे. इंजिन तोवर बंद झालेले असल्यामुळे अंदाज चुकला तर दुसरी फेरी मारण्याची सोय नाही. आदळून उतरण्याने पाठीचे मणके दुखावत आणि टाकीत उरलेल्या इंधनाचा स्फोट होई. ३० ऑक्टोबर १९४२ रोजी सुप्रसिद्ध वैमानिक हाना राइट्श हिच्या विमानाची चाके सुटलीच नाहीत. अपघातात तिच्या कवटीला व चेहऱ्याला गंभीर इजा झाली आणि ती कित्येक महिने रुग्णालयात होती. ३० डिसेंबर १९४३ रोजी योझेफ प्यॉसच्या बाबतीत सोडलेली चाके उसळून विमानालाच लागली. इंजिन बंद पडले आणि परत फिरण्याच्या प्रयत्नात तो ठार झाला.

इतके करून हाती काय लागले? कोमेट साडेतीन मिनिटांत १२,००० मीटर उंची गाठे. १९४४च्या उन्हाळ्यात लाइपत्सिगजवळच्या ब्रांडिस तळावरून ही विमाने लॉयना येथील कृत्रिम इंधनाचे कारखाने राखू लागली. पण इथे वेगच वैरी झाला. बॉम्बफेकी विमान ताशी ३०० आणि कोमेट ९०० किलोमीटर वेगाने जात असेल, तर दर सेकंदाला अंतर १६० मीटरांहून अधिक घटते. तोफेचा प्रभावी पल्ला सुमारे ६०० मीटर, आणि धडक टाळायला शेवटच्या दोनशे मीटरांआधी वळायलाच हवे. म्हणजे नेम धरून मारा करायला अडीच सेकंद! शिवाय इंधन संपलेले कोमेट म्हणजे निव्वळ ग्लायडर. शत्रूचे वैमानिक त्याच्या उतरण्याची वाट पाहत थांबू लागले. तीनशेहून अधिक विमाने बांधली गेली, पण त्यांनी पाडलेली विमाने दहा-पंधराच्या आसपासच भरतात.

माझ्या मते प्रश्नाचे उत्तर याच हिशेबात आहे. विमान किती वेगाने जाते हे सर्वांनी मोजले. त्या वेगात माणसाला काय करता येईल, हे निर्णय घेणाऱ्यांनी मोजले नाही. आकाश हातचे निसटत असताना तो हिशेब विचारणारा माणूस नकोसाच होतो. जपानने याच नमुन्यावर ‘शुसुई’ बांधले. ७ जुलै १९४५ रोजी पहिल्याच सशक्त उड्डाणात इंजिन बंद पडले आणि त्याचा वैमानिक दगावला.

अमेरिकेत डेटन येथील हवाई दलाच्या संग्रहालयात एक कोमेट आहे. त्याची डागडुजी करताना इंधनाची टाकी आणि तिचा आधारपट्टा यांच्यामध्ये एक लहानसा खडा खोचलेला सापडला. टाकीला हळूहळू गळती लागावी, असा तो बेत. सांध्यांच्या गोंदातही भेसळ केल्याच्या खुणा होत्या, आणि आतल्या बाजूला फ्रेंच मजकूर लिहिलेला होता. विमान बांधणाऱ्या वेठबिगार कामगारांचे ते काम असावे, असे मानले जाते. इंजिनाचे गणित ज्यांना कोणी शिकवले नव्हते, त्यांनी या यंत्राचे मर्म अचूक ओळखले होते : त्याला पाडायला तोफ लागत नाही, एक खडा पुरतो.