कागद ठेवायची जागा

घरात प्रत्येक वस्तूला आपली जागा असते. जोंधळे कणगीत, पीठ डब्यात, सातबाऱ्याचा उतारा आणि मुलांचे शाळेचे दाखले पेटीत. रात्री वीज गेली, तरी घरची बाई अंधारात चाचपडत जाते आणि नेमकी काडेपेटी काढते. कारण ती रोज तिथेच असते.

संगणकातल्या कागदांचेही असेच आहे. आपण संगणकावर अर्ज लिहितो, बचत गटाचा हिशेब मांडतो, सभेचा ठराव टाइप करतो. लिहून झाले, की 'सेव्ह' करतो. सेव्ह करणे म्हणजे लिहिलेले जपून ठेवणे. पण कुठे ठेवले? असे विचारले, तर पुष्कळ जण सांगतात, "कॉम्प्युटरमध्ये!" हे म्हणजे, पैसे कुठे आहेत असे विचारल्यावर 'घरात' म्हणून सांगण्यासारखे झाले. खोली कोणती, पेटी कोणती, हे नको का सांगायला?

न सांगता ठरलेली जागा

संगणक हा सांगकाम्या आहे. सांगाल तिथे कागद ठेवील. काहीच सांगितले नाही, तर त्याला आधीपासून नेमून दिलेल्या जागी ठेवील. संगणकात कागद ठेवायच्या खणाला 'फोल्डर' म्हणतात. आणि न सांगता जिथे कागद जातो, त्या खणाला 'डिफॉल्ट फोल्डर' म्हणतात. 'विंडोज'वर चालणाऱ्या संगणकात या खणाचे नाव 'डॉक्युमेंट्स'. तो बहुधा 'सी' नावाच्या भागात असतो.

'सी'च का बरे? 'ए' आणि 'बी' कुठे गेले? त्याची गंमत अशी. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला पहिला घरगुती संगणक काढला. त्याच्या आत कागद साठवायला कायमची चकती नव्हती. बाहेरून फ्लॉपी नावाची पातळ तबकडी घालावी लागे. तबकड्यांचे खण दोन, म्हणून त्यांना नावे ए आणि बी. १९८३ साली त्याच कंपनीच्या एक्सटी नावाच्या संगणकात आतली चकती आली. तिच्या वाट्याला पुढचे अक्षर आले, सी. तिच्यात १० मेगाबाइट एवढाच मजकूर मावे. आज मोबाइलवर काढलेले दोन-चार फोटोसुद्धा तिच्यात जेमतेम बसले असते. पुढे फ्लॉपी गेली, पण सी हे नाव राहिले.

जागा बदलायची कशाला?

या सी भागात आपले कागद असतात, तसे खुद्द विंडोजचे सामानही असते. म्हणजे ज्या खोलीत चूल, त्याच खोलीत कागदांची पेटी! चूल नव्याने घालायची झाली, की खोली रिकामी करावी लागते. तसेच विंडोज बिघडली, तर दुरुस्ती करणारा माणूस पुष्कळदा सी भाग धुऊन पुसून साफ करतो आणि विंडोज नव्याने घालतो. त्या साफसफाईत आपले कागदही जातात. त्याने आधी विचारले तर बरे. न विचारले तर?

समजा, एका बचत गटाचा पाच वर्षांचा हिशेब त्यात आहे. कोणी किती भरले, कोणी किती उचलले, कोणाचे किती फिटले. तो हिशेब गेला, म्हणजे नुसता कागद गेला असे नाही. बायाबायांमधला विश्वासच डळमळतो. "मी भरले होते," असे एक म्हणणार, "दाखव," असे दुसरी म्हणणार. दाखवायचे काय?

विंडोज १० या जुन्या विंडोजची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली आहे. त्यामुळे नवी विंडोज घालून घेण्याची वेळ अनेकांवर येते. तेव्हा ही गोष्ट आत्ताच समजून घेतलेली बरी.

आधी घर पाहून घ्या

पडद्यावर हे शब्द बहुधा इंग्रजीत दिसतात. आम्ही इथे त्यांचे उच्चार देत आहोत. शेजारी इंग्रजी अक्षरे ओळखणारे कोणी असेल, तर त्यालाही बोलवा.

कळफलकावर विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबून धरा आणि 'ई' अक्षराची कळ दाबा. फाईल दाखवणारी खिडकी उघडेल. तिच्या डाव्या बाजूला 'धिस पीसी' असे लिहिलेले असते. त्यावर क्लिक करा. तुमच्या संगणकात किती भाग आहेत, ते दिसेल. सीबरोबर 'डी' असेल, तर चांगलेच. पण नीट पाहा. काही ठिकाणी डी हे नाव सीडी घालायच्या खणाला दिलेले असते. मग पुढचा भाग 'ई' असतो. ज्या भागावर 'रिकव्हरी' असे लिहिले आहे, त्यात मात्र काही ठेवू नका. तो संगणकाच्या दुरुस्तीसाठी राखलेला असतो.

आता डी भाग उघडा आणि त्यात एक नवा फोल्डर करा. माउसची उजवी कळ दाबा, 'न्यू' म्हणा, मग 'फोल्डर' म्हणा. त्याला सरळ नाव द्या: 'आमचे कागद'.

जागा बदलण्याची रीत

उघडे असलेले सगळे कागद आधी सेव्ह करून बंद करा. महत्त्वाच्या कागदांची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या. मग पुढे चला.

१. त्याच खिडकीत डावीकडे 'डॉक्युमेंट्स' हे नाव शोधा. त्यावर माउसची उजवी कळ दाबा.

२. यादी उघडेल. तिच्यातले 'प्रॉपर्टीज' निवडा.

३. छोटी खिडकी येईल. तिच्या माथ्यावर 'लोकेशन' असे लिहिलेले असेल. ते दाबा. आज कागद कुठे जातात, त्याचा पत्ता तिथे दिसेल.

४. खाली 'मूव्ह' आहे. ते दाबा आणि डी भागातला 'आमचे कागद' हा फोल्डर निवडा.

५. 'ओके' दाबा. संगणक विचारील, की जुन्या जागेतले सगळे कागद नव्या जागी हलवू का? 'येस' म्हणा. कागद जास्त असतील, तर थोडा वेळ लागेल. तेवढा धीर धरा.

मन बदलले, तर त्याच खिडकीत 'रिस्टोअर डिफॉल्ट' आहे. ते दाबून 'ओके' म्हटले, की पूर्वीची जागा परत येते.

तिसऱ्या पायरीला पत्त्यात 'वनड्राइव्ह' हा शब्द दिसला, तर थांबा. याचा अर्थ, तुमचे कागद इंटरनेटवरून कंपनीच्या कोठारातही जात आहेत. तिथे फुकट जागा ५ गिगाबाइट मिळते. अशा वेळी आधी वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन डॉक्युमेंट्सचा बॅकअप थांबवावा लागतो. हे काम जाणत्या माणसाला जवळ बसवून करा.

लिहायच्या साधनालाही सांगा

'वर्ड'मध्ये लिहीत असाल, तर त्यालाही नवी जागा ठाऊक आहे ना, हे तपासा. 'फाईल' उघडा, 'ऑप्शन्स' म्हणा, मग 'सेव्ह' म्हणा. तिथे 'डिफॉल्ट लोकल फाईल लोकेशन' अशी ओळ आहे. तिच्याशेजारचे 'ब्राउझ' दाबून आपला फोल्डर दाखवा. 'लिब्रेऑफिस' हे साधन फुकट मिळते. त्यात 'टूल्स', मग 'ऑप्शन्स', मग लिब्रेऑफिसच्या नावाखाली 'पाथ्स' असे जा. 'माय डॉक्युमेंट्स' ही ओळ निवडून 'एडिट' दाबा.

इंटरनेटवरून उतरवलेले कागद मात्र डॉक्युमेंट्समध्ये जात नाहीत. ते 'डाउनलोड्स' नावाच्या वेगळ्या खणात पडतात. आलेला अर्ज तिथूनच उघडला, भरला आणि सेव्ह केला, तर तो पुन्हा डाउनलोड्समध्येच राहतो. आपण शोधतो डॉक्युमेंट्समध्ये! काखेत कळसा आणि गावाला वळसा, ती ही तऱ्हा. म्हणून क्रोमच्या सेटिंगमध्ये 'डाउनलोड्स' येथे जाऊन, दर वेळी जागा विचारावी, अशी सोय चालू करून ठेवा. दुसऱ्याच्या दुकानात किंवा सेवा केंद्रात बसून आधारकार्ड उतरवले असेल, तर छपाई झाल्यावर ती फाईल तिथून पुसून टाका. आपल्या घराची किल्ली कोणी परक्याच्या ओसरीवर ठेवून येत नाही.

तीन गोष्टी विसरू नका

पहिली. अख्खा डी भाग डॉक्युमेंट्सची जागा म्हणून देऊ नका. त्यातला एक फोल्डरच द्या. नाहीतर सगळ्या सामानाची सरमिसळ होते आणि मागे फिरणे अवघड जाते.

दुसरी. पेनड्राइव्ह ही कायमची जागा करू नका. तो काढला, की संगणकाला जागाच सापडत नाही.

तिसरी आणि सर्वांत मोठी. सी आणि डी पुष्कळदा एकाच चकतीचे दोन भाग असतात, एका घरातल्या दोन खोल्यांसारखे. विंडोज नव्याने घालताना फक्त सी साफ केला, तर डी वाचतो. पण चकतीच जळाली, तर दोन्ही जातात. म्हणून जागा बदलली, तरी महिन्याच्या सभेनंतर हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि तो वेगळ्या घरी ठेवा. संगणकात एकच सी भाग असेल, तर ही प्रत अधिकच जरूर.

आता हे करून पाहा. वर्ड किंवा लिब्रेऑफिस उघडून चार ओळी लिहा. 'चाचणी' असे नाव देऊन सेव्ह करा आणि सगळे बंद करा. मग डी भागात जाऊन तो कागद स्वतः शोधून काढा. सापडला? तर गटातल्या प्रत्येकीला ती जागा दाखवा. दप्तराची जागा एकट्या सचिवबाईंना ठाऊक असून भागत नाही. त्या माहेरी गेल्या, म्हणून गटाचा हिशेब अडून राहता कामा नये.