अणूंच्या गाठी

मुलांनो, वाशीम जिल्ह्याच्या पश्चिमेस रिसोड तालुका आहे. तो ओलांडून शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात शिरले, की थोड्याच अंतरावर लोणार लागते. काळ्या पाषाणाच्या सपाट पठारात तेथे एकाएकी एक प्रचंड वाटोळे विवर दिसते. त्याची रुंदी सुमारे 1.8 किलोमीटर आहे. फार प्राचीन काळी आकाशातून आलेली उल्का येथे आदळली आणि हे विवर निर्माण झाले. त्याच्या तळाशी जे सरोवर आहे, त्याचे पाणी खारट तर आहेच, पण बोटांना ते साबणासारखे बुळबुळीतही लागते. विष्णूने दैत्यसूदन होऊन लवणासुराचा वध केला, ही तेथील कथा तुम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल. दैत्याच्या नावातच लवण आहे, हे लक्षात घ्या.

या सरोवराचा खार शतकानुशतके प्रसिद्ध होता. अकबराच्या काळातील ‘आईने-अकबरी’ या ग्रंथात, काच आणि साबण करण्यास लागणारी सामग्री लोणारच्या परिसरात मिळते, असा उल्लेख आहे. उन्हाळ्यात पाणी आटू लागले, की काठावर पांढरे थर साचत; लोक ते गोळा करीत आणि त्यांच्या प्रतींना दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी वेगवेगळी नावे देत. आज तो परिसर अभयारण्य आहे आणि खार काढण्याचा तो उद्योग उरलेला नाही. परंतु त्या खाराचा एक जवळचा भाऊबंद अजूनही तुमच्या घरी, आईच्या किंवा आजीच्या डब्यात असतो. तो म्हणजे पापडखार.

आता एक साधा प्रयोग करा. एका बशीत चिमूटभर मीठ घ्या, दुसरीत चिमूटभर पापडखार घ्या आणि दोहोंवर लिंबाचे चार थेंब पिळा. मीठ मुकाट्याने भिजेल. पापडखार मात्र फसफसून वर येईल. दोन्ही पदार्थ पांढरे, दोन्ही पाण्यात विरघळणारे, आणि दोहोंतही सोडियम हे एकच मूलद्रव्य विपुल. मग एक शांत आणि दुसरा उतावळा का? सोडियम दोहोंत आहे म्हणजे भेद सोडियममुळे नाही, एवढे तर उघड आहे. तो भेद समजण्यासाठी आपणांस अणूच्या आत डोकावले पाहिजे.

पदार्थ सूक्ष्म कणांचा बनला आहे, हा विचार आपल्याकडे कणाद मुनींनी मांडला होता. पण तो विचार होता. वजनकाट्यावर त्याची परीक्षा झाली नव्हती. ती परीक्षा इंग्लंडमधील डाल्टन याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घेतली. अणू अभंग आहे, असे तो मानी. 1897 साली थॉमसन याने इलेक्ट्रॉन हा ऋण विद्युत्भार असलेला कण शोधून काढला, आणि अणूलाही अवयव आहेत हे सिद्ध झाले. 1911 साली रदरफोर्ड याने दाखविले की, अणूचे जवळजवळ सर्व वस्तुमान त्याच्या मध्यभागी एका अतिसूक्ष्म केंद्रकात एकवटलेले असते. केंद्रकात धनभारित प्रोटॉन आणि भाररहित न्यूट्रॉन असतात. इलेक्ट्रॉन त्याच्या भोवताली असतात.

अतिसूक्ष्म म्हणजे किती? लोणारचे संपूर्ण विवर म्हणजे सोडियमचा एक अणू आहे, अशी कल्पना करा. मग त्याचे केंद्रक विवराच्या मध्यावर ठेवलेल्या एका लिंबाएवढे असेल. काठावर उभे राहून ते तुम्हांला दिसणारसुद्धा नाही. बाकीचा सारा विस्तार अकरा इलेक्ट्रॉनांचा.

हे इलेक्ट्रॉन वाटेल तेथे नसतात. त्यांची कवचे ठरलेली आहेत. केंद्रकालगतच्या पहिल्या कवचात दोन मावतात, दुसऱ्यात आठ. सोडियमच्या अकरा इलेक्ट्रॉनांची मांडणी 2, 8, 1 अशी होते. क्लोरीनच्या सतरांची 2, 8, 7 अशी. सोडियमच्या बाहेरच्या कवचातील एकटा इलेक्ट्रॉन सैल बांधलेला असतो, तर क्लोरीनच्या बाहेरच्या कवचात आठास एक कमी पडतो. अणूचा स्वभाव बहुतांशी या सर्वांत बाहेरच्या कवचावरून ठरतो.

परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य हमखास आढळते: ‘अष्टक पूर्ण करण्यासाठी अणू धडपडतो.’ हे वाक्य पाठ करण्यास सोपे असले, तरी ते मला कधी आवडले नाही. अणूला इच्छा नसते. उतारावरील पाणी ओढ्याकडे जाते ते ओढ्याच्या प्रेमाने नव्हे. ज्या मांडणीत एकंदर ऊर्जा कमी, ती मांडणी टिकते, एवढाच त्याचा अर्थ. आणि बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन असणे ही बहुधा तशी मांडणी असते.

सोडियम आणि क्लोरीन एकत्र आले, की सोडियमचा एक इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे जातो. इलेक्ट्रॉन गमावलेला सोडियम धनभारित होतो, तो मिळविलेला क्लोरीन ऋणभारित होतो. अशा भारित कणांस आयन म्हणतात. विरुद्ध भार एकमेकांस ओढतात आणि ती ओढ म्हणजेच आयनिक बंध. येथे एक विलक्षण गोष्ट घडते. सोडियम हा धातू पाण्यात टाकला तर पेट घेतो. क्लोरीन हा विषारी वायू आहे. 1915 साली महायुद्धात तो सैनिकांवर सोडला गेला होता. या दोघांची गाठ पडली, की आपल्या ताटातील मीठ तयार होते. अणू तेच, केंद्रके तीच. इलेक्ट्रॉन केवळ एक इकडचा तिकडे झाला.

मिठाच्या खड्यात एका सोडियमची एका क्लोरीनशी जोडी ठरलेली असते, असे मात्र समजू नका. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, अशी ती रचना साऱ्या खड्यातून पसरलेली असते. म्हणून ‘मिठाचा रेणू’ हा शब्दप्रयोग नेमका नव्हे. ही रचना मोडणे फार कठीण असते. तव्यावर मीठ टाकले तर ते तडतडेल, पण वितळणार नाही, कारण त्यास सुमारे 801 अंश सेल्सिअस उष्णता लागते. साखर मात्र तव्यावर पाहता पाहता वितळते आणि करपते.

साखरेची गाठ निराळ्या जातीची आहे. तेथे कोणी इलेक्ट्रॉन देत नाही, कोणी घेत नाही. दोन अणू प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन पुढे करतात आणि ती जोडी दोघांची सामाईक होते. बांधावरची विहीर दोन भावांच्या शेतांस सामाईक असावी तशी. यास सहसंयुज बंध म्हणतात. ही कल्पना 1916 साली लुईस या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडली. अशा बंधांनी अणूंचा एक स्वतंत्र गट होतो, तोच रेणू. साखरेच्या रेणूतील बंध बळकट असतात. पण एका रेणूची दुसऱ्याशी असलेली ओढ त्या मानाने दुबळी असते, म्हणून साखर लवकर वितळते.

हा भेद डोळ्यांनी पाहता येतो. टॉर्चचे तीन सेल एकापुढे एक जोडा, त्यांस एक लहान एलईडी दिवा जोडा आणि तारांची दोन टोके साखरेच्या पाण्यात बुडवा. दिवा लागणार नाही. आता ती मिठाच्या पाण्यात बुडवा. दिवा लागेल, न लागल्यास दिव्याच्या तारा उलट करून पहा. मीठ पाण्यात विरघळले, की आयन मोकळे होतात आणि विद्युत्भार वाहून नेतात. साखरेचे रेणू विरघळूनही अखंड व भाररहित राहतात. (घरातील विजेच्या तारांशी हा प्रयोग कोणीही, कधीही करू नये.)

आता पापडखाराकडे वळू. त्यात मुख्यतः सोडियमचे कार्बोनेट व बायकार्बोनेट असते, आणि या एकाच पदार्थात दोन्ही जातींच्या गाठी आहेत. एक कार्बन आणि तीन ऑक्सिजन सहसंयुज बंधांनी बांधले जाऊन कार्बोनेटचा गट होतो. बायकार्बोनेटमध्ये त्यास एक हायड्रोजनही जोडलेला असतो. या साऱ्या गटावर ऋणभार असतो, आणि सोडियमच्या धनभारित आयनाशी तो आयनिक बंधाने जोडलेला असतो. लिंबातील आम्लाचे हायड्रोजन आयन या गटावर चाल करतात. त्यातून कार्बोनिक आम्ल होते. ते टिकत नाही, त्याचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतात. वायू बुडबुड्यांनी निघून जातो. या सर्व गडबडीत सोडियमचे आयन काहीच करीत नाहीत. मिठात कार्बोनेटचा गट नाही, म्हणून मीठ मुकाट्याने भिजले. लोणारच्या भोवतालचे पाणीही खडकांतून सोडियम विरघळवून आणते. सरोवरास बाहेर वाट नाही; पाणी उन्हाने उडून जाते, विरघळलेले मागे राहते, आणि कार्बन डायऑक्साइडशी संबंध येऊन कार्बोनेट साचत जाते. युगानुयुगे हे चालले आहे.

सामाईक जोडी एकच असली पाहिजे असे नाही. हवेतील ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणूंमध्ये दोन जोड्या सामाईक असतात. नायट्रोजन, ज्यास आपण शेतीत नत्र म्हणतो, त्याच्या बाहेरच्या कवचात पाच इलेक्ट्रॉन असतात. आठास तीन कमी. म्हणून त्याचे दोन अणू तीन जोड्या सामाईक करून बसतात. हा तिहेरी बंध निसर्गातील अत्यंत बळकट बंधांपैकी एक आहे. ऑक्सिजनचा दुहेरी बंध तोडण्यास जेवढी ऊर्जा लागते, तिच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा तो तोडण्यास लागते.

या एका गाठीने शेतकऱ्यास फार छळले आहे. हवेचा 78 टक्के भाग नायट्रोजनच आहे. आपल्या जिल्ह्यातील एक हेक्टर शेतावरच्या हवेत तो 70 हजार टनांहून अधिक भरेल. पिकास तो हवा असतो, कारण त्याच्यावाचून प्रथिने होत नाहीत. तरीही ज्वारीचे ताट त्या सागरात उभे राहून नत्रावाचून पिवळे पडते. तिहेरी बंध त्यास तोडता येत नाही.

माणसाने तो तोडला, पण केवढ्या आटापिट्याने! 1909 साली हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया करून दाखविला, आणि बॉश याने 1913 साली त्याचा मोठा कारखाना उभा केला. आजही या कृतीस लोहयुक्त उत्प्रेरक, 400 ते 500 अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या दाबाच्या शेकडोपट दाब लागतो. अलिबागजवळ थळ येथील कारखान्यात युरिया होतो, तो याच मार्गाने. युरियाच्या पोत्याची खरी किंमत म्हणजे हा बंध तोडण्यास जाळलेल्या इंधनाची किंमत होय.

आणि हेच काम तुरीच्या, हरभऱ्याच्या आणि सोयाबीनच्या मुळांवर, पावसाने भिजलेल्या साध्या मातीत, निमूटपणे चाललेले असते. या मुळांवर ज्वारीच्या किंवा मोहरीच्या दाण्याएवढ्या गाठी असतात. त्यांत रायझोबियम जातीचे जिवाणू राहतात. झाड त्यांस साखर पुरविते, ते झाडास अमोनिया पुरवितात. त्यांच्याजवळ नायट्रोजिनेज नावाचे एक विकर आहे; लोह आणि मोलिब्डेनम या धातूंचे अणू त्यात विशिष्ट रीतीने गुंफलेले असतात, आणि त्यांच्या साहाय्याने तिहेरी बंध एकेक पायरीने सोडविला जातो. भट्टी नाही, दाब नाही. ऊर्जा मात्र येथेही फुकट मिळत नाही. झाडाने उन्हात कमावलेली साखर त्यासाठी खर्च होते. म्हणूनच शेतात तयार नत्र भरमसाठ टाकले, तर या गाठी कमी धरतात. वाशीम जिल्ह्यात खरिपाचे मोठे क्षेत्र आज सोयाबीनखाली आहे. पेरणीपूर्वी बियाण्यास रायझोबियमचे संवर्धक चोळण्यास फार खर्च येत नाही, आणि तरीही अनेक घरी ते राहून जाते. सोयाबीनवर युरियाचे पोते रिते करण्यापूर्वी घरच्या थोरांशी या विषयावर बोलून पहावे, असे तुमच्या वयाच्या मुलांस सांगण्यात मला संकोच वाटत नाही.

श्रावणात सोयाबीन फुलावर आले, की वडिलांना विचारून एक झाड हलक्या हाताने मातीसकट उपटा. मुळे पाण्यात धुवा. एक गाठ नखाने चिरून पहा. ती आतून गुलाबी असेल, तर काम जोरात चालू आहे असे समजा; तो रंग लोह असलेल्या एका प्रथिनाचा आहे, आणि ते आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनचे सख्खे भावंड शोभते. ऑक्सिजन लागला तर नायट्रोजिनेज नासते. म्हणून हे प्रथिन ऑक्सिजनला आपल्याशी धरून ठेवते आणि जिवाणूंना लागेल तेवढाच पोहोचविते. गाठ आतून पांढरी किंवा हिरवट निघाली, तर शेजारच्या तासातील आणखी दोन झाडे पहा, आणि जे दिसेल ते वहीत तारखेसह लिहून ठेवा.