योजना फळास आली हे कशावरून ठरवावे?

शाळेत एखादी नवी योजना येते, वर्षभर राबविली जाते आणि वर्षाखेरीस ती यशस्वी झाल्याचा अहवाल वर पाठविला जातो. हे यश कोणत्या आधारावर ठरले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो शास्त्रशुद्ध रीतीने कसा विचारावा व त्याचे उत्तर कसे शोधावे, हेच शैक्षणिक धोरणांच्या संशोधन व मूल्यमापनाच्या पदव्युत्तर अभ्यासात शिकविले जाते. हा अभ्यास विद्यापीठांतून होत असला, तरी त्याची सामग्री आपल्या वर्गांतूनच जात असते. म्हणून त्याची मूलतत्त्वे प्राथमिक शिक्षकांस परिचित असणे अगत्याचे आहे.

समजा, जून महिन्यात तिसरीच्या मुलांची वाचनचाचणी घेतली, नंतर नवी योजना सुरू केली आणि मार्चमध्ये पुन्हा चाचणी घेतली. गुण वाढले. एवढ्यावरून योजनेस श्रेय देता येईल काय? या अवधीत मुले वयाने वाढली, शिक्षकांनी नित्याचा पाठ दिला, घरी थोरल्या भावंडांनीही काही शिकविले. यांपैकी कशाचा किती वाटा, हे नुसत्या वाढलेल्या गुणांवरून कळत नाही. बरे, योजना असलेल्या शाळेची तुलना योजना नसलेल्या शाळेशी करावी, तर योजना आपण होऊन मागून घेणारी शाळा बहुधा आधीपासूनच उत्साही असते. म्हणून खरा प्रश्न असा की, योजना नसती तर याच मुलांची प्रगती किती झाली असती?

एकच मूल योजनेत आणि योजनेबाहेर अशा दोन्ही ठिकाणी असू शकत नाही. यावर उपाय म्हणजे सारख्याच परिस्थितीतील दोन गट घेणे आणि योजना कोणत्या गटास द्यावयाची हे कोणाच्या पसंतीवर न सोडता, जणू चिठ्ठ्या टाकून ठरविणे. गट पुरेसे मोठे असतील, तर हुशार व मंद, सधन व निर्धन मुले दोहोंकडे सारखीच विभागली जातात. मग शेवटी दिसणारा फरक योजनेचा मानता येतो.

या रीतीचे एक उत्तम उदाहरण मुंबई व बडोदे येथील आहे. 'प्रथम' या संस्थेने तेथील शाळांतून 'बालसखी' योजना चालविली. वस्तीतीलच माध्यमिक शिक्षण झालेली एक तरुणी मागे पडलेल्या पंधरा ते वीस मुलांस रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून अक्षरओळख, वाचन व प्राथमिक अंकगणित शिकवीत असे. २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो व ली लिंडेन या संशोधकांनी तिचे मूल्यमापन केले. बडोद्यात पहिल्या वर्षी निम्म्या शाळांच्या तिसरीस व उरलेल्या निम्म्या शाळांच्या चौथीस बालसखी मिळाली. कोणतीही शाळा वंचित राहिली नाही, आणि तुलनेसाठी वर्गही उपलब्ध झाले.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दुसऱ्या वर्षाअखेर सरासरी गुण ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले. सोप्या शब्दांत सांगावयाचे तर, शंभर मुलांत खालून पन्नासाव्या स्थानी असलेले मूल सुमारे एकसष्टाव्या स्थानी गेले. ही वाढ मुख्यतः सर्वांत मागे असलेल्या मुलांची होती. बालसखीकडे न जाता मूळ वर्गातच राहिलेल्या मुलांच्या भोवतीची गर्दी कमी झाली होती. परंतु त्यांच्या गुणांत लक्षणीय वाढ आढळली नाही. यावरून असे दिसते की, केवळ पट कमी करण्यापेक्षा मूल जेथे आहे तेथून शिकविण्यास आरंभ करणे अधिक फलदायी ठरले.

हे संशोधन येथेच थांबले नाही. योजना संपल्यानंतर एक वर्षाने पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा लाभ सुमारे ०.१० इतकाच उरलेला आढळला. आधार काढून घेतला की प्रगती ओसरू लागते, हे अप्रिय सत्यही संशोधकांनी झाकून ठेवले नाही. मूल्यमापन हे योजनेची स्तुती करण्यासाठी नसते, ते याचसाठी असते.

यातून शिक्षकांनी काय घ्यावे? चाचणीच्या दिवशी मागासलेली मुले घरी राहिली तर वर्गाची सरासरी आपोआप चढते, पण ते यश खोटे असते. म्हणून गैरहजर मुलांची नावे वेगळी लिहून ठेवावीत व त्यांची चाचणी पुढे घ्यावी. वर्षारंभीच्या उत्तरपत्रिका जपून ठेवाव्यात. गुण देताना दयेने वा भीतीने हात सैल सोडू नये. कमी गुण लागले म्हणजे शिक्षकाची अब्रू गेली, ही समजूत अधिकाऱ्यांनी व आपणही सोडावयास हवी. कारण एकट्या आकड्यावरून दोष शिक्षकाचा, योजनेचा की परिस्थितीचा, हे ठरतच नाही.

फुगविलेल्या आकड्यांवर निरुपयोगी योजना वर्षानुवर्षे चालू राहते, आणि तिची किंमत वाचता न येता वरच्या वर्गात गेलेले मूल भरते. हजेरीपटावरील खरी नोंद हे त्या मुलाच्या बाजूने दिलेले साक्षीपत्र आहे. ते अचूक ठेवणे हा अध्यापनाचाच एक भाग होय.