शेगडीभोवतीचा हंगाम

क्रिकेटची आवड असलेल्या घरात एक गंमत नेहमी पाहायला मिळते. सामना चालू असताना सगळे गप्प बसून टीव्ही पाहतात; खरी जीभ सुटते ती सामने नसताना. नोव्हेंबर 2024 मध्ये जेद्दाहच्या लिलावात बेंगळूरूच्या संघाने जोश हेझलवूडला साडेबारा कोटींना घेतले, तेव्हा पहिला चेंडू पडायला अजून चार महिने होते. पण ‘ई सल कप नम्दे’ म्हणणाऱ्यांनी तेवढ्यात त्याचा सगळा हंगाम बोलून संपवलाही. पुढे 2025 मध्ये कप खरेच आला, ही गोष्ट वेगळी.

अमेरिकेत या रिकाम्या दिवसांतल्या चर्चेला चक्क नाव आहे. तिला ‘हॉट स्टोव्ह लीग’ म्हणतात, म्हणजे तापलेल्या शेगडीभोवतीची स्पर्धा. तिथला बेसबॉलचा हंगाम वसंत ऋतूत सुरू होतो आणि शरद ऋतूत संपतो. मग थंडी पडते. जुन्या काळी गावातल्या दुकानात मोठी शेगडी पेटलेली असे. तिच्याभोवती बसून मंडळी पुढच्या वर्षाचा संघ तयार करीत. आता शेगड्या गेल्या, नाव मात्र राहिले.

या चर्चेत सर्वांत मोठा विषय असतो नवा पिचर. पिचर म्हणजे आपल्या गोलंदाजासारखाच, पण त्याचा चेंडू टप्पा न घेता थेट फलंदाजाकडे जातो. साडेसाठ फुटांवरच्या एका बुटक्या उंचवट्यावरून तो चेंडू फेकतो. खेळाची सगळी सुरुवात त्याच्या हातात असते. हा हात इतका शिणतो, की सामन्याची सुरुवात करणारा पिचर साधारण पाच दिवसांतून एकदाच उतरतो. म्हणूनच चांगल्या हातासाठी तिथले संघ वाटेल तेवढा पैसा मोजतात आणि लोक त्या हाताविषयी हिवाळाभर बोलतात.

बोलण्यात बोस्टनचे लोक फार तयार. त्यांच्या ‘रेड सॉक्स’ संघाने 1918 मध्ये अजिंक्यपद मिळवले होते. त्यानंतर बेब रूथ हा पिचर म्हणून नाव काढलेला आणि पुढे फलंदाज म्हणून गाजलेला खेळाडू त्यांनी न्यूयॉर्कच्या यांकीज संघाला विकला. ही बातमी जाहीर झाली जानेवारी 1920 मध्ये, म्हणजे भर हिवाळ्यात. पुढचे अजिंक्यपद यायला 2004 साल उजाडावे लागले. मधली 86 वर्षे तीन-चार पिढ्यांनी दर हिवाळ्यात ‘आता पुढच्या वर्षी’ म्हणत काढली. अशा गावात 2006 च्या नोव्हेंबरमध्ये एका जपानी पिचरची बातमी आली.

त्याचे नाव दाइसुके मात्सुझाका, वय 26. जपानच्या सेइबू लायन्स संघाकडून आठ वर्षांत त्याने 108 विजय मिळवले होते. त्याच वर्षीच्या जागतिक स्पर्धेत जपान विजेता ठरला आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला. अमेरिकन संघांना त्याच्याशी बोलणी करायची तर आधी बंद लिफाफ्यात बोली लावायची, अशी तेव्हाची पद्धत होती. बोस्टनने बोली लावली 5 कोटी 11 लाख 11 हजार 111 डॉलर आणि वर 11 सेंट! तेव्हाच्या दराने सव्वादोनशे कोटी रुपयांच्या आसपास. आणि हे पैसे खेळाडूला नव्हेत, तर त्याच्या जुन्या संघाला. बोली जिंकल्यावर खेळाडूशी करार करायला 30 दिवस मिळत. करार झाला नाही तर पैसे वाचत आणि खेळाडू जपानमध्येच राही.

हे 30 दिवस म्हणजे शेगडीभोवती बसणाऱ्यांची दिवाळीच होती. 2006 मध्ये बोस्टन आपल्या गटात तिसरे आले होते, त्यामुळे आशा आणि राग दोन्ही ताजे होते. एक गट म्हणे, हा करार होणारच नाही. यांकीजना तो मिळू नये म्हणून आपल्या मालकांनी हा डाव टाकला आहे. दुसरा गट पैशाचा हिशेब मांडी: एवढ्या रकमेत किती खेळाडू आले असते! जुनेजाणते आधीच्या जपानी पिचरांचे दाखले देत. हिदेओ नोमो याने एप्रिल 2001 मध्ये बोस्टनकडून पहिल्याच सामन्यात प्रतिस्पर्ध्याला एकही ‘हिट’ मिळू दिला नव्हता. उलट हिदेकी इराबू 1997 मध्ये गाजावाजा होऊन यांकीजकडे आला, पण त्या गाजावाजाला पुरा पडला नाही.

सगळ्यात जास्त वाद झाला तो त्याच्या हातावरून. ऑगस्ट 1998 मध्ये, शाळकरी वयात, कोशिएनच्या शालेय स्पर्धेत मात्सुझाकाने 17 डाव चाललेल्या एकाच सामन्यात 250 चेंडू फेकले होते. अमेरिकेत शंभरेक चेंडू झाले की पिचरला बाहेर बोलावतात. त्या सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी तो थोडा वेळ पुन्हा उतरला, आणि तिसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात त्याने एकही हिट दिला नाही. हा हात लोखंडाचा आहे असे काहींना वाटले, तर तो आधीच झिजला असणार असे काहींना. त्यात ‘जायरोबॉल’ नावाच्या चेंडूची भर पडली. बंदुकीच्या गोळीसारखा स्वतःभोवती फिरत जाणारा हा चेंडू त्याच्याकडे आहे, अशी वदंता होती. एकही चेंडू प्रत्यक्ष न पाहता लोक त्याची वळणे एकमेकांना समजावून सांगत होते.

14 डिसेंबरला, मुदत संपता संपता, सहा वर्षांचा आणि 5 कोटी 20 लाख डॉलरचा करार झाला. दोन्ही रकमा मिळून दहा कोटी डॉलरच्या वर.

मग काय झाले? एप्रिल 2007 मधल्या पहिल्या सामन्यात त्याने दहा जणांना बाद केले. त्या वर्षी 15 विजय मिळवले, आणि वर्ल्ड सिरीजचा सामना जिंकणारा पहिला जपानी पिचर ठरला. बोस्टन पुन्हा अजिंक्य झाले. 2008 मध्ये 18 विजय आणि फक्त तीन पराभव. त्यानंतर मात्र उतरण लागली. 2009 मध्ये चारच विजय, 2011 मध्ये कोपरावर शस्त्रक्रिया, आणि 2012 संपताना बोस्टनचा निरोप. म्हणजे शेगडीभोवतीचे दोन्ही गट आपापल्या परीने बरोबर ठरले.

पण सीमाभागात दोन भाषांत वाढलेल्या आपल्यासारख्यांना या कथेतली दुसरीच एक गोष्ट टोचते. हात, पैसा, चेंडू या सगळ्यांवर हिवाळाभर चर्चा झाली. हा माणूस बोलणार कोणत्या भाषेत, हा प्रश्न मात्र गमतीपुरताच राहिला. त्याच्या नावाचे ‘डाइस-के’ झाले, एवढ्यावर भागले. संघाने दुभाषी दिला होता. पण सामना रंगात असताना प्रशिक्षक उंचवट्यावर पिचरशी बोलायला जात, तेव्हा दुभाष्याला सोबत जाता येत नसे. नियमच तसा नव्हता. म्हणजे नेमक्या अडचणीच्या घटकेला हा खेळाडू मुका.

कामाची रीतही वेगळी. जपानमध्ये पिचर आठवड्यातून एकदा उतरे, आणि मधल्या दिवसांत भरपूर चेंडू फेकून हात तयार ठेवी. अमेरिकेत पाचव्या दिवशी उतरायचे आणि मध्ये हात जपायचा. लहानपणापासून मुरलेली सवय बदलताना माणसाला पुष्कळ बोलावे लागते, विचारावे लागते, कधी भांडावेही लागते. 2009 मध्ये खांदा दुखत होता, कामगिरी घसरली होती, तेव्हा या सरावाविषयीचे मन त्याने मोकळे केले ते जपानी पत्रकाराजवळ, जपानी भाषेत. भाषांतर होऊन ते बोस्टनला पोहोचले आणि संघाचे अधिकारी नाराज झाले. घरातले बोलणे बाहेरून घरात आले, की ते तक्रारीसारखेच ऐकू येते.

आपल्याकडे मराठी घरात कानडी मुलगी सून म्हणून येते, कानडी घरात मराठी मुलगी जाते. सोयरीक ठरल्यापासून लग्नापर्यंतचे दिवस म्हणजे आपल्या घरातला शेगडीचा हंगामच असतो. मुलगी किती शिकली, नोकरी कुठे, स्वभाव कसा, सगळ्यांचा काथ्याकूट होतो. भाषेचा विषय निघाला, तर ‘शिकेल हळूहळू’ एवढ्यावर संपतो. आणि ती शिकतेही. भाजी आणते, पाहुण्यांशी बोलते, सणावाराला नाव घेते. पण दमून ‘साकाय्तु’ म्हणावेसे वाटले, तर ते ऐकून समजणारे घरात कोण आहे? कोणीच नसेल तर ती माहेरी फोन करणार, आणि मग आपण म्हणणार, घरातल्या गोष्टी बाहेर का सांगितल्या!

जानेवारी 2013 मध्ये अमेरिकन बेसबॉलने नियम बदलला. आता परभाषक पिचरजवळ प्रशिक्षक जातात, तेव्हा दुभाषीही सोबत जाऊ शकतो. मात्सुझाका त्याच्या आदल्याच हंगामाअखेर बोस्टन सोडून गेला होता. आधी ही सोय असती तर त्याचा हात वाचला असता, असे म्हणता येणार नाही. दुखणे भाषेने बरे होत नाही. पण कुठे दुखते आहे, हे त्याला तिथल्या तिथे सांगता आले असते.

नियम एवढासा, पण तो करायला त्यांना पुष्कळ वर्षे लागली. आपल्या घरांत तो करायला कुणाची परवानगी लागत नाही. येणाऱ्या माणसाच्या भाषेतली दहा वाक्ये आधी आपणच शिकून ठेवली, तरी पुरे. त्यातले पहिले वाक्य असावे, ‘दमलीस का?’