घोरण्यावर दंतवैद्यांचा उपाय

यात्रेच्या धर्मशाळेत एकाच दालनात वीस-पंचवीस गाद्या अंथरल्या जातात आणि पहिल्याच रात्री कोण घोरते हे साऱ्या संघाला कळते. एरवी ही गोष्ट घरच्या माणसांपुरतीच असते. सकाळी त्या गृहस्थांची थोडी थट्टा होते, तेही हसतात आणि विषय तेथेच मिटतो. घोरणे म्हणजे गाढ झोप आणि गाढ झोप म्हणजे निश्चिंत मन, हा समज घरोघरी इतका रुजलेला आहे की, त्याबद्दल डॉक्टरांकडे जावे असे कोणाच्या मनातही येत नाही.

वस्तुतः घोरण्याचे दोन प्रकार आहेत. एक नुसता आवाज. तो शेजाऱ्याची झोप मोडतो, घोरणाऱ्याचे फारसे काही बिघडवीत नाही. दुसऱ्या प्रकारात आवाज चढत जातो आणि एकाएकी थांबतो. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही अधिक काळ खोलीत शांतता असते. मग घुसमटल्यासारखा एक हिसका बसतो, श्वास परत येतो आणि आवाजाला पुन्हा आरंभ होतो. शेजारी झोपलेल्या पत्नीला वाटते, बरे झाले, थांबले एकदाचे. परंतु धोका त्या आवाजात नसून मधल्या शांततेत आहे.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. जीभ व टाळूचा मागचा मऊ भाग मागे सरकतो आणि आधीच अरुंद असलेली श्वासाची वाट मिटते. छाती श्वास घेण्यासाठी धडपडत असते, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू खाली येतो, मेंदूला इशारा मिळतो, तो क्षणभर जागा होतो आणि वाट मोकळी करतो. सकाळी यातले काहीही आठवत नाही. यालाच स्लीप अ‍ॅप्निया, मराठीत निद्राश्वासरोध म्हणतात. तासाला असे अडथळे किती येतात यावर रोगाची पायरी ठरते: पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तीसच्या वर तीव्र. तासाला तीस म्हणजे दर दोन मिनिटांना एकदा गळा दाबला जाणे. सात तासांच्या झोपेत ही बेरीज दोनशेच्या पुढे जाते.

हे नाव सर्वसामान्य घरांत पोहोचले ते फेब्रुवारी २०२२ मध्ये. प्रसिद्ध संगीतकार बप्पी लाहिरी यांचे १५ फेब्रुवारीच्या रात्री मुंबईत जुहूच्या रुग्णालयात निधन झाले. त्यांना इतरही आजार होते, परंतु मृत्यूचे कारण सांगताना डॉक्टरांनी निद्राश्वासरोधाचा उल्लेख केला. ते ६९ वर्षांचे होते. घोरण्याशी जोडलेला आजार प्राण घेऊ शकतो, हे अनेकांनी त्या दिवशी प्रथमच ऐकले.

हा आजार मात्र दुर्मीळ मुळीच नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वर्षे वयाच्या ६५८ पुरुषांची पाहणी केली व तिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध केले. हे लोक आजारी म्हणून नव्हे, तर नेहमीच्या तपासणीसाठी आलेले होते. त्यांच्यात झोपेतील श्वासाचा बिघाड १९.५ टक्के आणि दिवसाच्या झोपाळूपणासह पूर्ण विकार ७.५ टक्के, असा अंदाज निघाला. गादीवर चौदा जण बसणाऱ्या पेढीत हा हिशेब लावला, तर एक जण त्यात येतोच.

व्यापारी घरांत लक्षणे दिसतात, पण त्यांना दुसरी नावे दिली जातात. दुपारच्या जेवणानंतर गल्ल्यावर मान कलंडते, ती वयामुळे. व्याख्यानात किंवा प्रतिक्रमणात डोळे मिटतात, तो प्रमाद. रोकड मेळ दोनदा तपासूनही चूक राहते, तो कामाचा ताण. सकाळी डोके जड असते, रात्री लघवीसाठी दोन-तीन वेळा उठावे लागते, रक्तदाबाच्या गोळ्या वाढवूनही दाब उतरत नाही. या प्रत्येकाला वेगळे कारण असू शकते हे खरे. परंतु ही सारी लक्षणे एकाच माणसात एकत्र आली आणि तो घोरतही असेल, तर कारण एकच असण्याची शक्यता मोठी. स्थूलपणा आणि ४० सेंटिमीटरहून अधिक घेराची मान हे ठळक इशारे होत. तथापि, सडपातळ माणसाने निर्धास्त राहू नये. खालचा जबडा लहान किंवा मागे असेल, तर वजन बेताचे असूनही वाट मिटते. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर हे प्रमाण वाढते आणि त्यांच्या घोरण्याबद्दल तर घरात कोणी बोलतच नाही.

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूरवरून बोरघाटात चढतो. मालाच्या खरेदीसाठी, वसुलीसाठी, लग्नकार्यासाठी पहाटे किंवा रात्री उशिरा या रस्त्याने स्वतः गाडी हाकणारे व्यापारी थोडे नाहीत. उपचार न घेतलेल्या निद्राश्वासरोधाच्या रुग्णांत वाहन अपघाताचा धोका दुपटीहून अधिक असल्याचे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. सरळ, गुळगुळीत रस्त्यावर डोळा लागायला तीन सेकंद पुरतात आणि गाडीत बहुधा सारे कुटुंब असते.

उपचारांत पहिला मान सीपॅप यंत्राचा. ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपाय प्रथम मांडला. नाकावरच्या मुखवट्यातून हलक्या दाबाने हवा सोडली जाते व तो दाब घशाची वाट उघडी ठेवतो. तीव्र आजारात आजही याला तोड नाही. अडचण आहे ती वापराची. मुखवटा टोचतो, नाक कोरडे पडते, नळी अंगाखाली येते, आणि कित्येक यंत्रे महिन्या-दोन महिन्यांत कपाटात जातात. नेरळ-कळंब रस्त्यावरील पोशीरसारख्या गावात पावसाळ्याच्या रात्री वीज गेली की यंत्र तसेच बंद पडते, ही भर वेगळीच.

येथे दंतवैद्यांचा उपाय पुढे येतो. त्याचे मूळ जुने आहे. पिएर रोबँ या फ्रेंच दंतमुखतज्ज्ञाने १९०२ मध्ये, लहान जबड्यामुळे जीभ मागे पडणाऱ्या मुलांसाठी, खालचा जबडा पुढे धरणारे एक साधन वर्णिले होते. आजचे साधन त्याच तत्त्वावर चालते. वरच्या व खालच्या दातांवर बसणाऱ्या दोन पातळ पट्ट्या असतात आणि त्या अशा जोडलेल्या असतात की, झोपेत खालचा जबडा काही मिलिमीटर पुढेच राहतो. जीभ जबड्याला बांधलेली असल्याने तीही पुढे येते आणि तिच्यामागची वाट रुंदावते. बेशुद्ध माणसाची हनुवटी पुढे ओढून श्वास मोकळा करतात, त्यातलीच ही युक्ती. वीज नको, आवाज नाही, प्रवासात खिशात मावते. रात्री मुखवट्याला कंटाळणारा माणूस हे साधन अधिक तास वापरतो, हा याचा मोठा लाभ. अडथळ्यांची संख्या सीपॅप अधिक उतरवते. परंतु काही तासांनी काढून ठेवलेला उत्तम उपाय आणि रातभर घातलेला मध्यम उपाय यांचा प्रत्यक्ष लाभ पुष्कळदा सारखा येतो. व्याजाचा दर चढा, पण ठेव मुदतीपूर्वीच मोडलेली, असाच काहीसा हा प्रकार आहे.

अमेरिकेतील निद्रावैद्यक व दंत-निद्रावैद्यक या दोन्ही संस्थांनी २०१५ मध्ये संयुक्त मार्गदर्शन प्रसिद्ध केले. नुसत्या घोरण्यासाठी, तसेच सीपॅप न सोसणाऱ्या किंवा दुसरा उपाय पसंत करणाऱ्या प्रौढ रुग्णांसाठी दंतसाधन द्यावे, ते मापाचे व पुढेमागे करता येणारे असावे, असे त्यात म्हटले आहे.

मापाचे, या शब्दावर भर द्यावयास हवा. गरम पाण्यात बुडवून दातांनी दाबावयाच्या तयार पट्ट्या बाजारात स्वस्तात मिळतात. त्या नीट बसत नाहीत, रात्री निसटतात आणि त्या चालल्या नाहीत की माणूस या उपायावरच फुली मारतो. प्रशिक्षित दंतवैद्य दातांचा साचा घेतो, जबडा पुढे धरून चाव्याची नोंद करतो व प्रयोगशाळेकडून साधन घडवून घेतो. जबडा जास्तीत जास्त जितका पुढे येतो, त्याच्या साधारण निम्म्यावर आरंभ होतो. मग आठवड्या-आठवड्यांनी थोडे थोडे पुढे नेत घोरणे व दिवसाचा झोपाळूपणा कमी होईल तेथे थांबतात. ही घाईने होणारी गोष्ट नव्हे.

हे साधन सर्वांना चालत नाही. प्रत्येक जबड्यात ते धरून ठेवण्याइतके बळकट दात हवेत. हलणारे दात, हिरड्यांचा आजार, पूर्ण कवळी, कानाजवळच्या जबड्याच्या सांध्याचे दुखणे, यांपैकी काही असेल तर आधी त्याची व्यवस्था लावावी लागते, किंवा दुसरा मार्ग धरावा लागतो. मेंदूकडून श्वासाची आज्ञाच न येण्याचा जो वेगळा प्रकार आहे, त्यात याचा उपयोग नाही. पहिल्या काही दिवसांत लाळ सुटते किंवा तोंड कोरडे पडते, सकाळी जबडा अवघडतो. वर्षानुवर्षांच्या वापराने दातांची बैठक किंचित बदलते, हा दुष्परिणाम दंतवैद्याने आधीच सांगावा आणि रुग्णाने विचारून घ्यावा.

एक लहानशी गोष्ट चौविहार करणाऱ्यांसाठी. साधनाला चव नसते व ते कोरडेच बसवता येते. सकाळी काढल्यावर ते थंड पाण्याने धुऊन, वाळवून डबीत ठेवावे, म्हणजे रात्री पाण्याची गरज पडत नाही. तरीही नियमाविषयी शंका असेल, तर महाराजसाहेबांना विचारून घेणे उत्तम. शंकेपोटी साधनच बाजूला ठेवणे मात्र बरोबर नाही. रात्रिभोजन व मद्य टाळण्याची कुटुंबातील रीत या रुग्णांच्या पथ्यावरच पडते, कारण मद्याने घशाचे स्नायू अधिक सैल होतात. झोपेच्या गोळ्यांचेही तेच. त्या डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत. कुशीवर झोपणे आणि वजन उतरवणे हे बिनखर्चाचे साथीदार आहेत.

क्रम मात्र चुकता कामा नये. थेट दंतवैद्याकडे जाऊन घोरणे थांबवून घेतले, तर आवाज जाईल आणि आतला आजार राहूनही जाईल. आधी फुप्फुसविकार किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ, मग झोपेची चाचणी, मग निर्णय. चाचणीसाठी आता दरवेळी रुग्णालयात रात्र काढावी लागत नाही. बऱ्याच रुग्णांना बोट, छाती व नाकाला लावावयाचे छोटे उपकरण देतात आणि नोंद घरच्या गादीवरच होते. पोशीरच्या माणसाला नेरळहून लोकलने मुंबई गाठता येते. तेथे सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलजवळ नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय आहे. खाजगी दवाखान्यातील खर्च जड वाटल्यास अशा महाविद्यालयांच्या कृत्रिम दंत विभागात चौकशी करण्यास हरकत नाही.

डॉक्टरांकडे जाताना पत्नीला किंवा खोलीत झोपणाऱ्या मुलाला बरोबर न्यावे. रात्री काय घडते, हे रुग्ण सांगू शकत नाही; त्याची साक्ष दुसऱ्याकडेच असते. मोबाइलवर दोन मिनिटांचे चित्रण केले तर आणखी चांगले. साधन मापात बसल्यानंतर ते तोंडात घालून झोपेची चाचणी पुन्हा एकदा करावी लागते. घरात शांतता झाली म्हणून बहुतेक लोक ही दुसरी चाचणी टाळतात. परंतु अडथळे खरोखर किती उरले, हे त्या कागदावरच कळते.