कुष्ठरोगाचा संथ जंतू



आमचे तरुण कार्यकर्ते कुष्ठरोग तपासणीसाठी पाड्यांवर निघाले की मंडळीतून दोन प्रश्न हमखास येतात. पहिला काळजीपोटी, "मुलांना लागण तर होणार नाही ना?" दुसरा देणगीदारांचा आणि तोही रास्त, "मागच्या वर्षी त्याच पाड्यावर तपासणी झाली होती. पुन्हा तिथेच कशाला?" दोन्ही प्रश्नांचे उत्तर एका जंतूच्या स्वभावात आहे. या अंकात त्या जंतूची ओळख करून घेऊ.

जंतू म्हणजे कोण?

नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांना सूक्ष्मजीव म्हणतात. सगळ्यांना आपण सरसकट 'जंतू' म्हणतो, पण त्यांची कुळे वेगवेगळी आहेत. जिवाणू एकाच पेशीचा असतो. तो अन्न घेतो, वाढतो आणि मधोमध दुभंगून एकाचे दोन होतो. विषाणू त्याहून पुष्कळच लहान असतो आणि दुसऱ्या जीवाच्या पेशीत शिरल्याशिवाय त्याची वाढ होत नाही. गोवर, कांजिण्या, सर्दी ही विषाणूंची कामे. नायटा बुरशीमुळे होतो. मलेरियाचा परजीवी या सर्वांहून निराळा. कुळ ओळखणे महत्त्वाचे, कारण औषध कुळाप्रमाणे बदलते. जिवाणू मारणारी गोळी विषाणूवर चालत नाही.

सगळे जिवाणू वाईटही नसतात. दुधाचे दही करणारे जिवाणूच आहेत. आपल्या आतड्यात असंख्य जिवाणू राहतात आणि आपल्याला त्यांचा उपयोगही होतो. रोग निर्माण करणारे त्यांत थोडे.

कुष्ठरोग त्या थोड्यांपैकी एकामुळे होतो. नॉर्वेतील बर्गन शहरात डॉ. गेरहार्ड हान्सेन यांनी १८७३ साली रुग्णांच्या गाठींतील द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात बारीक काडीसारखे जिवाणू त्यांना दिसले. त्या काळी अनेक डॉक्टर हा रोग आनुवंशिक समजत आणि सामान्य लोक त्याला शाप म्हणत. हान्सेन यांच्या शोधाने रोगाचे कारण जंतूत आहे हे पुढे आले. म्हणून या रोगाला 'हान्सेनचा रोग' असेही म्हणतात. जंतूचे शास्त्रीय नाव मायकोबॅक्टेरियम लेप्री. क्षयरोगाचा जंतू त्याच्याच घराण्यातला.

या घराण्याची खूण म्हणजे अंगावरचे मेणासारखे आवरण. त्यामुळे साधा रंग त्याच्यावर नीट चढत नाही. प्रयोगशाळेत ऊब देऊन तांबडा रंग चढवतात, मग आम्लाने धुतात. इतर जंतूंचा रंग निघून जातो, याचा टिकतो. निळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या काड्या दिसल्या की तंत्रज्ञ त्याला ओळखतो.

वीस मिनिटे आणि चौदा दिवस

आता त्याच्या स्वभावाकडे येऊ. आपल्या आतड्यातला एक नेहमीचा जिवाणू, ई. कोलाय, अनुकूल परिस्थितीत सुमारे २० मिनिटांत एकाचे दोन होतो. असे ३० वेळा दुप्पट झाले की एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात आणि त्याला लागतात फक्त १० तास. शिळे अन्न एका रात्रीत का बिघडते ते यावरून कळेल.

कुष्ठरोगाच्या जंतूला एकाचे दोन व्हायला सुमारे १२ ते १४ दिवस लागतात. तेच ३० वेळा दुप्पट होणे त्याला एक वर्षभर किंवा त्याहूनही जास्त पुरते. माणसाला रोग देणाऱ्या जिवाणूंत इतका संथ दुसरा क्वचितच सापडेल.

याचे कारण त्याच्या पेशीतच आहे. २००१ साली त्याच्या संपूर्ण जनुकांचा आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा दिसले की त्याची पुष्कळशी जनुके निकामी झालेली आहेत. जगण्याची बरीच कामे तो स्वतः करू शकत नाही, त्यासाठी दुसऱ्याच्या पेशीवर अवलंबून असतो. म्हणून प्रयोगशाळेच्या बशीत खाद्य घालून त्याला आजवर वाढवता आलेले नाही. १९६० साली उंदराच्या तळपायात आणि १९७१ साली अमेरिकेतल्या आर्माडिलो या खवल्यांच्या प्राण्यात त्याची वाढ करता आली. दोन्ही ठिकाणी निवड थंडाव्याची होती. या जंतूला शरीराचा गार भाग मानवतो. म्हणून तो नाकात, कानाच्या पाळीत, त्वचेत आणि त्वचेजवळच्या नसांमध्ये घर करतो.

नसेत शिरल्यामुळे खरे नुकसान होते. चट्टा बधिर होतो, पुढे हातापायांची जाणीव जाते. चुलीवरचे भांडे उचलताना चटका कळत नाही, शेतात काटा रुतला तरी पाय चालतच राहतो, जखम चिघळते. कुष्ठरोगाने बोटे झडतात ही समजूत खोटी आहे. वेदना नसल्यामुळे वारंवार जखमा होऊन बोटे जातात, हे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. पॉल ब्रँड यांनी रुग्णांचे बारकाईने निरीक्षण करून दाखवून दिले. म्हणूनच औषधाइतकीच चपलांची आणि रोज पाय तपासण्याच्या सवयीची गरज असते.

लागण आणि औषध

आता पहिला प्रश्न. हा रोग मुख्यतः उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाका-तोंडातून उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांतून पसरतो आणि त्यासाठी दीर्घकाळाचा निकट सहवास लागतो. शिवाय सुमारे ९५ टक्के माणसांच्या शरीरात त्याला रोखण्याची नैसर्गिक शक्ती असते. हात मिळवल्याने, एका पंगतीत जेवल्याने, उपासनेत एका बाकावर बसल्याने तो होत नाही. उपचार सुरू झाल्यावर तर रुग्णाकडून लागण होण्याचे लवकरच थांबते. तेव्हा कार्यकर्त्यांची काळजी वाटून घरी बसण्याचे कारण नाही.

उपचार म्हणजे बहुविध औषधोपचार, अर्थात एकाच वेळी दिलेली अनेक औषधे. असे का? जंतू वाढताना त्यांच्यात बारीक बदल होत राहतात. एखाद्यावर एक औषध चालत नाही, तोच उरतो आणि त्याचीच पुढची पिढी वाढते. १९४० च्या दशकापासून डॅप्सोन हे एकच औषध वर्षानुवर्षे दिले जात होते आणि १९६० च्या दशकात त्याला न जुमानणारे जंतू दिसू लागले. तीन औषधांना एकाच वेळी चुकवणे जंतूला फार अवघड जाते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली डॅप्सोन, रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमिन एकत्र देण्याची शिफारस केली. चट्टे पाचपर्यंत असतील तर उपचार साधारण ६ महिने, अधिक असतील तर १२ महिने. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

रिफाम्पिसिनने लघवी तांबडी होते आणि क्लोफाझिमिनने त्वचा काळवंडते. हे आधी सांगितले नाही तर माणूस घाबरून गोळ्या टाकून देतो. आमच्या कार्यकर्त्यांचा बराचसा वेळ हे समजावण्यात जातो.

पुन्हा त्याच पाड्यावर कशाला?

आता दुसरा प्रश्न. जंतू इतका संथ असल्यामुळे लागण झाल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत सरासरी ५ वर्षे जातात, कधी कधी २० वर्षेही. मागच्या वर्षी निर्दोष दिसलेल्या मुलाच्या शरीरात रोग तेव्हाच शिरलेला असू शकतो, फक्त दिसण्याइतका वाढलेला नसतो. एका तपासणीने पाडा मोकळा झाला असे म्हणता येत नाही. रुग्णाच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना रिफाम्पिसिनची एक प्रतिबंधक मात्रा दिल्याने धोका कमी होतो, पण त्यांच्याकडेही पुढे लक्ष ठेवावे लागते. जंतू घाई करीत नाही, म्हणून आपल्यालाही एका वर्षात हिशेब मिटवता येत नाही.

राष्ट्रीय पातळीवर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट भारताने २००५ च्या अखेरीस गाठले. त्याचा अर्थ रोग संपला असा अनेकांनी घेतला. तरीही जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी अर्ध्याहून अधिक आपल्या देशात असतात. गडचिरोली, चंद्रपूर, पालघर या जिल्ह्यांतील आदिवासी वस्त्यांत नवे रुग्ण आजही आढळतात.

पवित्र शास्त्रातला 'कुष्ठरोग'

एक गोष्ट विश्वासणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. लेवीय १३ व १४ अध्यायांतील वर्णन वाचून अनेकांच्या मनात या रोगाविषयी अशुद्धतेची भावना बसलेली आहे. तेथील मूळ इब्री शब्द 'त्साराअथ'. तो कातडीवरील चट्ट्यांसाठी येतो, तसाच वस्त्रावरील, चामड्यावरील आणि घराच्या भिंतीवरील डागांसाठीही येतो. हान्सेन यांनी पाहिलेला जंतू कापसाच्या वस्त्रात किंवा भिंतीच्या गिलाव्यात रोग निर्माण करीत नाही. म्हणजे तो शब्द पुष्कळ व्यापक आहे आणि आजच्या रुग्णाला त्या नियमांत बसवणे अभ्यासाला धरून नाही. प्रभू येशूने तर अशा माणसाला हात लावला, हे आपण जाणतोच.

कायद्यानेही उशिरा का होईना हा शिक्का पुसला. २०१९ च्या दुरुस्तीने कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण राहिले नाही. ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यातूनही ते काढले गेले.

आपण काय करावे? घरात, शाळेत, मंडळीत कोणाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तो खाजत नसेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना दाखवा. पांढरे कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे, कोडाच्या डागात जाणीव शाबूत असते. चट्टा लपवू नका, लपवणाऱ्याला टाकूही नका. नस कायमची निकामी होण्याआधी औषध मिळाले तर माणूस हातपाय शाबूत ठेवून बरा होतो.

पुढच्या वर्षी आमचे कार्यकर्ते पुन्हा त्याच पाड्यांवर जातील. त्यांच्यासाठी प्रार्थना करा आणि जमेल त्यांनी एक दिवस त्यांच्याबरोबर यावे.