स्लॉट कुठे द्यायचा, कुठे नाही

कल्याणहून माळशेजकडे जाताना नाणेघाटाच्या पायथ्याशी वैशाखरे लागतं. अशा गावांत संगणकाचं सामान एकदम आणि एकाच कंपनीचं येत नाही. कॅबिनेट जुनं, हार्ड डिस्क नंतर बदललेली, मॉनिटर तिसऱ्याच कुणीतरी दिलेला. मग मुरबाडहून 'कुठलंही माप बसेल' असा स्टँड बनवून घ्यायचं ठरतं आणि पत्र्याला जमेल तितके लांब स्लॉट पाडले जातात. महिन्या-दोन महिन्यांत मॉनिटर मान टाकतो. दोष कारागिराच्या हाताचा नसतो. मापांबद्दलच्या काही समजुती मुळात चुकीच्या असतात.

पहिली समजूत अशी की प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असतं. मॉनिटरच्या पाठीला चार भोकं असतात. ती 'व्हेसा' या संस्थेच्या मापानुसार पाडलेली असतात आणि त्याला कंपनीचं बंधन नाही. नेहमीच्या मॉनिटरला ती चौकोनात 75 किंवा 100 मिलिमीटर अंतरावर असतात, स्क्रू एम-4. म्हणजे दोन्ही मापांसाठी एका पट्टीवर आठ साधी भोकं पाडली की काम झालं. तरीही लोक कर्णावर तिरके स्लॉट काढतात. हिशेब केला तर मध्यापासूनची अंतरं साधारण 53 आणि 71 मिलिमीटर येतात. फरक जेमतेम 18 मिलिमीटर. एवढ्यासाठी पत्रा कापून कमकुवत कशाला करायचा? मोठ्या टीव्हीला मात्र 200 किंवा त्याहून मोठं माप आणि बऱ्याचदा जाड स्क्रू लागतात, त्याची पट्टी वेगळी करावी. स्क्रूची लांबीही पाहावी. गरजेपेक्षा लांब स्क्रू आत पॅनेलला टेकतो.

मदरबोर्डचंही असंच आहे. एटीएक्स 305 बाय 244, मायक्रो-एटीएक्स 244 बाय 244 आणि मिनी-आयटीएक्स 170 बाय 170 मिलिमीटर. लहान बोर्डाची भोकं मोठ्याच्या भोकांवर जुळतील अशीच ही मापं ठरवलेली आहेत. म्हणून बोर्डाचा ट्रे सरकवायची गरज नाही, बोर्ड उचलून धरणारे पितळी स्टँडऑफ फक्त जागा बदलतात. पण जुन्या बोर्डाचा एखादा स्टँडऑफ तसाच राहिला, तर तो नव्या बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करू शकतो. बोर्ड बसवण्याआधी स्टँडऑफ मोजून घ्यावेत.

हार्ड डिस्कच्या बाबतीत घोळ नावातच आहे. 'साडेतीन इंची' ड्राइव्ह प्रत्यक्षात 101.6 मिलिमीटर, म्हणजे बरोबर चार इंच रुंद असते. 'अडीच इंची' असते 69.85 मिलिमीटर. ही नावं आतल्या तबकडीच्या साधारण आकारावरून आलेली आहेत, बाहेरच्या डब्यावरून नाही. स्क्रूही वेगळे: मोठ्या ड्राइव्हला 6-32 हे इंची आटे, छोट्या ड्राइव्हला एम-3. मोठ्या ड्राइव्हचा स्क्रू छोट्यात जोर लावून फिरवला की आटे गेलेच. खरी वेगळी गोष्ट तळाला आहे. जुन्या ड्राइव्हच्या तळाच्या भोकांत लांबीच्या दिशेने 44.45 मिलिमीटर अंतर असे. बऱ्याच नव्या, जास्त क्षमतेच्या ड्राइव्हना ते 76.2 असतं. इथे ट्रेला सोय हवीच. मात्र तिथेही दोन जागी भोकं पाडली तर ड्राइव्ह स्लॉटपेक्षा पक्की बसते.

आता वजनाकडे वळू. 'नट आणखी आवळला की सरकणार नाही' हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. उभ्या स्लॉटमधला बोल्ट वजन फक्त घर्षणावर पेलतो. मध्ये पेंट किंवा पावडर कोटिंगचा थर असेल तर तो दाबाखाली हळूहळू चेपतो, पकड सैल होते आणि मॉनिटर खाली सरकतो. म्हणून वर-खाली करण्यासाठी भोकांची रांग ठेवावी, बोल्ट आरपार जावा आणि वजन बोल्टच्या दांड्यावर यावं. स्लॉट आडवाच बरा, कारण त्या दिशेला वजन ओढत नाही. उभा स्लॉट टाळताच येत नसेल, तर त्याच्या खाली टेकूचा एक बोल्ट द्यावा. मोठा चपटा वॉशर आणि नायलॉक नट तर हवाच.

मॉनिटर धरण्यासाठी भिंतीपासून बाहेर येणाऱ्या हाताचा हिशेबही लोक करत नाहीत. 5 किलोचा मॉनिटर भिंतीपासून 40 सेंटिमीटर बाहेर असेल आणि भिंतीवरच्या पट्टीच्या वरच्या-खालच्या स्क्रूंत 10 सेंटिमीटर अंतर असेल, तर वरच्या स्क्रूंवर मिळून सुमारे 20 किलोची ओढ पडते. स्क्रूंमधलं हे अंतर 20 सेंटिमीटर केलं की ती निम्मी होते. या भागातल्या जुन्या घरांत कारवीच्या कुडावर शेणमातीचा लेप असतो. त्यात प्लॅस्टिकची गिट्टी टिकणार नाही. तिथे हात लाकडी खांबालाच बसवावा, नाहीतर टेबलाला आवळायचा शिकंजा वापरावा.

राहिला पाऊस. माळशेजच्या पायथ्याच्या दमट हवेत कापलेली कड आधी गंजते. रंग झाल्यावर पाडलेलं भोक म्हणजे उघडं लोखंड. भोकं आणि स्लॉट सगळे आधी पाडून घ्यावेत, कडा कानसाव्यात, मग रेड ऑक्साइड आणि त्यावर रंग. नंतर एखादं भोक वाढवावंच लागलं, तर त्याच दिवशी त्याच्या कडेला प्राइमर लावावा.